वाटाड्याची वही

त्र्यंबकेश्वरास एस. टी.च्या गाडीतून उतरलेला परगावचा माणूस पायांतला आंबलेपणा झाडून देवळाच्या काळ्या शिखराकडे मान वर करून पाहू लागतो न लागतो, तोच त्याला जो पहिला प्रश्न विचारला जातो तो त्याच्या मूळ गावाविषयीचा असतो. गाव सांगितले की आडनाव विचारतात, आडनावामागून गोत्र. आणि मग एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर नेऊन, लाल खारव्यात बांधलेली लांबट वही सोडून, बोटाच्या अग्राने ओळींमागून ओळी चाळीत क्षेत्रोपाध्ये एका ठिकाणी थांबतात. माझ्या बाबतीत ते थांबले तेव्हा त्या पानावर मोडी लिपीत माझ्या पणजोबांची सही होती. बोरूने काढलेले, एका दमात ओढलेले ते अक्षर. शाई तपकिरी झालेली आणि एका शब्दावर पाण्याचा थेंब पडून पसरलेला डाग. अमुक शकात श्रावणमासी सहकुटुंब येऊन कुशावर्ती स्नान केले, ब्रह्मगिरीची फेरी केली, पुढे आमच्या वंशातील जो कोणी येईल त्याने यांसच मानावे, अशा अर्थाचा तो मजकूर उपाध्यांनी मला वाचून दाखविला. कारण मला मोडी वाचता येत नव्हती. पणजोबांची तसबीर आमच्या घरी नाही, त्यांचा एखादा कागदही उरलेला नाही. त्यांच्या हातची रेघ मी आयुष्यात प्रथम पाहिली ती त्र्यंबकातल्या एका माडीवर.

आजकाल परदेशातील पर्वतप्रदेशात मार्गदर्शकाच्या सोबतीने आठ-पंधरा दिवस पायी हिंडण्याची, आणि त्याच्या जोडीने तिकडील देवळे, सरोवरे, राजवाडे व बाजार पाहून येण्याची जी हौस आपल्या मध्यमवर्गात वाढीस लागली आहे, तिचा विचार करू पाहणाऱ्या या प्रकरणाचा आरंभ मी आल्प्स पर्वतापासून अथवा नेपाळपासून न करता त्र्यंबकेश्वरापासून करीत आहे, याचे कारण केवळ स्वस्थानाचा अभिमान हे नव्हे. उतरलेल्या पाहुण्यास वेशीतच गाठून आपल्या जिम्म्यात घेणारा माणूस, त्याच्या मुक्कामाची आणि पानाची तजवीज, काय पाहावयाचे आणि कोणत्या क्रमाने पाहावयाचे याचा ठरीव शिरस्ता, प्रत्येक दगडाशी आणि झऱ्याशी जोडलेली कथा, अवघड चढणीस सोबत, आणि निरोपाच्या वेळी केलेली लेखी नोंद, ही आजच्या सहलींची सारी अंगोपांगे या क्षेत्री पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत. त्या व्यवस्थेत काय होते आणि काय नव्हते हे ज्याला नीट उमगले, त्याला परमुलखातील डोंगरात कोणाच्या मागून जावे आणि कोणाच्या जाऊ नये हे ओळखणे सोपे जाईल, अशी माझी धारणा आहे.

त्र्यंबकेश्वर हे नाशिकपासून सुमारे 28 किलोमीटरांवर, ब्रह्मगिरीच्या अगदी कुशीत वसलेले गाव. आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1755 साली बांधावयास घेतले आणि ते 1786 साली पुरे झाले. एकतीस वर्षे हे काम चालले, म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांतील पुष्कळांना कळस पाहावयास मिळाला नाही. स्वतः नानासाहेब तर 1761 सालीच निवर्तले. गाभाऱ्यात इतर ज्योतिर्लिंगांप्रमाणे वर आलेली शाळुंका न दिसता एक खळगा दिसतो, आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे, ब्रह्मा, विष्णु आणि महेश यांची म्हणून, पूजिली जातात. यात्रेकरूचा क्रम मात्र देवळापासून सुरू होत नाही; तो कुशावर्तापासून सुरू होतो. गौतम ऋषींवर गोहत्येचे किटाळ आले, त्याच्या क्षालनार्थ त्यांनी तप करून गंगा ब्रह्मगिरीवर आणली, पण ती एके ठिकाणी प्रकटावी, दुसऱ्या ठिकाणी गुप्त व्हावी असे होऊ लागले, तेव्हा त्यांनी कुश म्हणजे दर्भ फिरवून तिला अडविले. ते हे कुशावर्त. ही कथा उपाध्ये ज्या जागी सांगतात ती जागा फार विचारपूर्वक निवडलेली आहे. डोळ्यांसमोर कुंडाचे पाणी असते आणि मान जराशी वर केली की ज्या कड्यावरून ते आले तो कडा असतो. कथेतील प्रत्येक नाम त्या क्षणी बोटाने दाखविता येते. स्थळाची कथा स्थळावरच सांगावी, आधी नव्हे आणि नंतर नव्हे, हा मार्गदर्शकाच्या विद्येतील पहिला धडा असून तो आमच्या तीर्थक्षेत्रांना शिकवावा लागला नाही.

आता फेरीविषयी. ‘ब्रह्मगिरीची फेरी’ म्हटली की श्रावणातील सोमवार, आणि त्यांतही तिसरा सोमवार, डोळ्यांपुढे उभा राहतो. आदल्या रात्रीपासूनच माणसे लोटतात, मध्यरात्री कुशावर्तात बुडी मारून ओलेत्या अंगाने, पुष्कळशी अनवाणी, चालावयास लागतात, आणि पर्वत उजव्या हातास ठेवून, प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने या बाजूने त्याच्या पाठीशी वळसा घालून धाडोशी-सापगावाकडून परत गावात येतात. ही लहान फेरी सुमारे 20 किलोमीटरांची; हरिहर गडासही पोटात घेणारी मोठी फेरी तिच्या दुप्पट. प्रदक्षिणा या शब्दातच पर्वत उजवीकडे असावा हे सांगितलेले आहे. डावीकडे त्या दिवसांत भाताची खाचरे आवणीने नुकतीच हिरवी झालेली असतात, वरकस उतारांवर नागली आणि वरई, कड्यांवरून दहा-पाच ठिकाणी पांढरे धबधबे, आणि पायाखाली तांबडा चिखल, ज्यातून मागल्या माणसाने पुढल्याच्या पावलावरच पाऊल टाकीत जावे लागते. पुस्तकात ‘निसर्गदर्शन’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते येथे अनायासे घडत असते. त्यासाठी निराळा दिवस नेमलेला नसतो.

या फेरीच्या इतिहासात वाट चुकण्याची एक घटना अशी आहे की जिने महाराष्ट्राच्या वाङ्मयाचे आणि धर्माचे वळणच ठरविले. विठ्ठलपंत आपल्या पत्नीला आणि मुलांना घेऊन त्र्यंबकास राहिले असता ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असत. अशाच एका फेरीत समोर वाघ आला, सगळी पांगली, आणि थोरला मुलगा निवृत्ती अरण्यात चुकून एका गुहेत शिरला. तेथे गहिनीनाथ बसलेले होते. त्यांनी त्या मुलास उपदेश दिला, निवृत्तीने तो धाकट्या ज्ञानदेवास दिला, आणि तेथून पुढे जे झाले ते सर्वांस विदित आहे. परंपरेने चालत आलेली ही कथा मी जेव्हा जेव्हा आठवितो तेव्हा मला तिच्यातील एका गोष्टीचे विशेष वाटते. वाघापासून जीव वाचवून पळणाऱ्या मुलाला जो भेटला तो त्या पर्वतात आधीपासून राहत होता. बाहेरून आलेला, काल-परवा नकाशा पाठ केलेला माणूस तेथे उपयोगी पडला नसता. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकातच, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे, आणि पौष वद्य एकादशीस तेथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते. म्हणजे जो चुकला त्याच्याच दर्शनाला आज लक्षावधी माणसे वाट न चुकता येतात.

पर्वत दाखविणे म्हणजे काय, याचे उत्तर ब्रह्मगिरीवर जितके स्वच्छ मिळते तितके मला अन्यत्र क्वचितच मिळाले. समुद्रसपाटीपासून 4,248 फूट उंचीचा हा डोंगर. गावातून पाहिला तर एक लांबलचक काळी भिंत दिसते, आणि तिच्यात पाहण्यासारखे काय आहे असे नवख्यास वाटते. जाणता माणूस शेजारी असला म्हणजे ती भिंत बोलू लागते. सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान ही शिवाच्या पाच मुखांची नावे धारण करणारी पाच शिखरे तो बोटाने मोजून देतो. गंगाद्वाराच्या पायऱ्या सातशेवर आहेत हे आधी सांगून तो तुमचा दम जोखतो. वर गेल्यावर गोमुखातून ठिबकणारी धार, कोळंबिका देवीचे ठाणे, आणि बाजूच्या कपारीत खोदलेली एकशे आठ शिवलिंगे दाखवितो. पठारावर नेऊन मूळ गंगेचे लहानसे देऊळ आणि जटामंदिर दाखवितो, जेथे शंकराने जटा आपटल्याच्या खुणा खडकात आहेत असे मानतात. आणि त्याला जर भूगोलाचीही जाण असेल तर तो तुम्हास एका टेपावर उभे करून सांगेल की या बाजूस पडलेला पावसाचा थेंब गोदावरीतून 1,465 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळतो, आणि याच डोंगररांगेच्या पश्चिमेकडील उतारावर पडलेला थेंब वैतरणेतून अरबी समुद्रास जातो. मुंबईकराच्या घरातील नळाला जे पाणी येते त्यातला एक वाटा या बाजूच्या मुलखातला असतो. पश्चिम समुद्र येथून पक्ष्याच्या वाटेने शंभर किलोमीटरही दूर नसताना एखाद्या नदीने त्याच्याकडे पाठ फिरवून अवघे दक्षिणापथ ओलांडावे, हे आश्चर्य कड्यावर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहिल्याशिवाय खऱ्या अर्थाने समजत नाही. ज्या काळ्या पाषाणावर आपण उभे असतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे; त्या थरांच्या कडा म्हणजेच दुरून दिसणाऱ्या आडव्या रेघा.

ब्रह्मगिरी हा नुसता तीर्थाचा डोंगर नाही, तो किल्ला आहे. 1670 साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला आणि 1818 सालच्या एप्रिलात तो इंग्रजांच्या हाती गेला. किल्ला म्हटला की किल्लेदार, सबनीस, कारखानीस यांची नावे दप्तरात सापडतात. पण गडाच्या अंगाखांद्यावर, चढणीच्या नाक्यानाक्यावर जी पहाऱ्याची ठाणी असत, ज्यांना ‘मेट’ म्हणत, तेथे पिढीजाद राहणारे मेटकरी आणि त्यांचे नाईक यांची नावे दप्तरात फारशी सापडत नाहीत. ते बहुधा महादेव कोळी, ठाकर अशा डोंगरकरी समाजांचे. किल्ल्याची मामलत गेली, तनखा गेला, तोफा गेल्या. मेटांवरची माणसे तेथेच राहिली. ब्रह्मगिरीच्या अंगावरील वस्त्यांना आजही मेटघर किल्ला, महादरवाजाची मेट, गंगाद्वार मेट अशी नावे आहेत, आणि तेथील माणसांना डोंगराची जी ओळख आहे ती कोणत्याही वहीतून मिळणारी नाही.

याचा अनुभव मला स्वतःस आला तो सांगतो. पुष्कळ वर्षांमागे, आषाढ सरता सरता, मी एकटाच ब्रह्मगिरीवर दुर्गभांडार पाहावयास गेलो. पठाराच्या टोकाशी एक खडकात खोदलेला जिना खाली उतरतो. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या कातळभिंती, मध्ये जेमतेम एक माणूस मावेल अशा पायऱ्या, आणि तळाशी मातीने अर्धा बुजलेला दरवाजा, ज्यातून पोटावर सरपटत बाहेर पडावे लागते. बाहेर पडले की समोर एक अरुंद नैसर्गिक भिंत, दोन्हीकडे तुटलेला कडा, आणि भिंतीच्या पलीकडे पुन्हा तसाच दरवाजा, तसाच जिना. तेथवर मी पोहोचलोच नाही. पठारावर असतानाच धुके असे दाटले की हातातील काठीचे टोक दिसेना. पाऊस आडवा येत होता, गवत कमरेइतके वाढलेले, आणि पायाखालची वाट ही गुरांची की माणसांची हे कळण्याचा उपाय नव्हता. मी जिकडे उतार वाटला तिकडे चालू लागलो. इतक्यात धुक्यातून एक इरले डोलत आले, त्याखाली एक म्हातारा, हातात कोयता. तो म्हणाला, “बाबा, तिकडं नगा जाऊ, तिकडं कडा हाय.” एवढेच बोलून त्याने माझा दंड धरला आणि मला मागे वळविले. खाली महादरवाजापर्यंत तो माझ्या पुढे चालला, ओल्या पायरीवर आधी स्वतःची टाच रोवून पाहावी आणि मग मला खूण करावी अशा रीतीने. शेवाळ कोठे पायरीच्या मधोमध धरते आणि कोठे कडेला, हे त्याच्या पायांना पाठ होते. खाली आल्यावर मी त्याला पैसे देऊ केले, त्याने चहापुरते घेतले आणि तो वर निघून गेला. त्याचे नाव मी विचारले नाही.

आल्प्समधील वाटाड्यांची हकिकत मी वाचली तेव्हा मला प्रथम तो इरल्याखालचा म्हातारा आठवला. त्र्यंबकेश्वराच्या देवळास कळस चढला त्याच 1786 साली, 8 ऑगस्ट रोजी, फ्रान्समधील शामोनी गावचे दोघेजण, जाक बालमा हा गारगोट्या शोधीत हिंडणारा डोंगरी माणूस आणि मिशेल पाकार नावाचा वैद्य, माँ ब्लाँ या आल्प्सच्या सर्वांत उंच शिखरावर पहिल्यांदा पोहोचले. त्या चढाईसाठी बक्षीस लावणारा जिनीव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर हा दुसऱ्याच वर्षी अठरा वाटाडे घेऊन वर गेला. मग हौशी श्रीमंतांची रीघ लागली. 1820 साली डॉक्टर हामेल नावाच्या रशियन गृहस्थाच्या मोहिमेत, हवा वाईट आहे, परत फिरावे असे वाटाडे सांगत असता पाहुण्यांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही. वर जाताना बर्फाचा थर सुटला आणि पिएर बालमा, पिएर कारिए आणि ऑग्युस्त तेराझ हे तीन वाटाडे हिमदरीत गाडले गेले. पाहुणे वाचले. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने हळूहळू खाली वाहून आणीत 1861 साली, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी, दरीच्या तोंडाशी उजेडात आणले, आणि त्यांना ओळखण्यासाठी त्या दिवशी जिवंत परतलेला त्यांचा एक वृद्ध सोबती अद्याप गावात होता.

त्या अपघाताचा परिणाम म्हणून 1821 साली शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापिला. जगातील या धंद्याची ही सर्वांत जुनी संस्था आणि ती आजही चालू आहे. तिने दोन नियम घातले. आलेल्या पाहुण्यास जो वाटाड्या मिळावयाचा तो पाळीने मिळावा, म्हणजे आपसांत ओढाताण होऊ नये. आणि मिळकतीचा एक हिस्सा सामाईक पेटीत पडून त्यातून जखमी झालेल्यांस व मृतांच्या कुटुंबांस साहाय्य व्हावे. आमच्या क्षेत्रोपाध्यांमध्ये यजमान पाळीने येत नसे, तो गावावरून आणि कुळावरून, वंशपरंपरेने येत असे. दोन्ही पद्धतींचा हेतू मुळात एकच, भांडण टाळणे हा. पण पाळीच्या पद्धतीत पाहुणा परकाच राहतो आणि वंशपरंपरेच्या पद्धतीत तो घरचा होतो. उलट, पाळीच्या पद्धतीतून संकटकाळची पेटी निघाली, जी आमच्याकडे निघाली नाही. दोहोंतील गुण एकत्र आणणारी व्यवस्था मी अजून कोठे पाहिलेली नाही.

आणखी एक भेद मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. आल्प्समधील प्रत्येक वाटाड्याजवळ एक वही असे आणि सफर संपली की पाहुण्याने तीत आपला अभिप्राय स्वहस्ते लिहावयाचा अशी चाल होती. ग्रिंडेलवाल्डच्या क्रिस्टियान आल्मर नावाच्या विख्यात वाटाड्याची अशी वही पुढे 1896 साली हुबेहूब छापून प्रसिद्ध करण्यात आली. त्या वहीचा विषय वाटाड्या हा होता. हा माणूस दोर कसा धरतो, हवा कशी ओळखतो, संकटात डोके ठिकाणावर ठेवतो की नाही, हे पुढल्या पाहुण्याला तीत वाचावयास मिळे. त्र्यंबकातील वहीचा विषय यजमान आहे. तीत माझे पणजोबा आहेत, त्यांचे वडील आहेत, मी आहे. पण त्यांना शके अमुकच्या श्रावणात चिखलातून फेरीला कोणी नेले, हे त्या वहीत कोठेही लिहिलेले नाही.

सहलींचा पुढील इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. 1841 सालच्या जुलैत टॉमस कुक याने इंग्लंडातील लेस्टरहून लफबरोस पाचशे माणसे आगगाडीने एका शिलिंगात नेली, आणि 1863 साली तो पहिली टोळी घेऊन स्वित्झर्लंडच्या डोंगरांत गेला. खर्चवेचाचा हिशेब, उतरण्याची जागा, खेचरे आणि वाटाडे या सर्वांची तजवीज एकाने करावयाची आणि इतरांनी निश्चिंत मनाने पाहावयाचे, हा प्रघात तेथून रूढ झाला. हिमालयात तो एका शतकाने आला. एव्हरेस्ट सर झाल्यानंतर 1954 साली दार्जिलिंग येथे गिर्यारोहणाची संस्था निघाली आणि तेनसिंग नोर्गे तेथे शिक्षक झाले. त्याच साली मुंबईत ‘गिरिविहार’ हे गिर्यारोहण मंडळ स्थापन झाले. जिमी रॉबर्ट्स या गुरखा पलटणीतील निवृत्त अधिकाऱ्याने 1964 साली काठमांडूस मार्गदर्शित पदभ्रमणाची पहिली कंपनी काढली, आणि 1965 साली तीन अमेरिकन स्त्रियांना घेऊन तिची पहिली सफर निघाली. शेर्पा सरदार, स्वयंपाकी, हमाल, तंबू, सकाळचा चहा तंबूच्या दाराशी, ही जी नेपाळी सहलीची घडी आज आपल्याकडील मंडळी अनुभवून येतात, ती तेव्हा बसविली गेली. 2023 सालापासून नेपाळ सरकारने परदेशी माणसास एकट्याने पदभ्रमण करण्यास मनाई करून वाटाड्या सोबत असणे बंधनकारक केले आहे. या आज्ञेविरुद्ध पुष्कळांनी तक्रार केली. माझ्या मते ती योग्य आहे.

मराठी माणसाला मात्र परमुलखातील पर्वताची ओढ लागली ती कुकच्या फार बाहेर, आणि तीही प्रदक्षिणेच्याच निमित्ताने. हंसस्वामी या मराठी साधूंनी 1908 साली मानससरोवराची आणि कैलासाची यात्रा केली. तिचे त्यांनी मराठीत केलेले कथन त्यांचे शिष्य पुरोहित स्वामी यांनी इंग्रजीत आणिले आणि ते 1934 साली लंडनमध्ये, आयर्लंडचे महाकवी येट्स यांच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाले. तिबेटातील त्या थंडीत, चोराचिलटांच्या मुलखात, भाषा न जाणणारा एक मराठी संन्यासी चालला होता, आणि त्याच्या मनात जो संस्कार होता तो ब्रह्मगिरीसारख्याच कोणत्या तरी फेरीचा असला पाहिजे, असे मला ते पुस्तक चाळताना वाटून गेले.

कैलासाची परिक्रमा 52 किलोमीटरांची असून ती बहुतेक यात्रेकरू तीन दिवसांत करतात. हिंदू आणि बौद्ध पर्वत उजव्या हातास ठेवून जातात, तर बोन पंथाचे लोक उलट दिशेने. वाटेत दोघे समोरासमोर येतात आणि एकमेकांस वाट देतात. सर्वांत उंच टप्पा डोल्मा खिंडीचा, 5,600 मीटरांच्याही वरचा. ब्रह्मगिरीहून ही खिंड चौपटीहून अधिक उंच आहे, आणि येथेच देशातील फेरी आणि परदेशातील परिक्रमा यांतला खरा भेद सुरू होतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. प्रत्येक श्वासासरशी आपल्याला घरी जितका प्राणवायू मिळतो त्याच्या निम्माच मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण सावकाश. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाकाठी पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि मधूनमधून एखादा दिवस त्याच उंचीवर काढावा, हा नियम वैद्यांनी अनुभवाने घालून दिलेला आहे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली चिन्हे; चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा बसल्या जागी धाप लागून छातीत घरघर होऊ लागली, की त्यावर खाली उतरणे हाच उपाय, आणि तो रात्र असली तरी त्याच रात्री. ज्याच्यात ही चिन्हे दिसतात त्यालाच, म्हणजे आजारी माणसालाच, आपण आजारी आहोत हे बहुधा पटत नाही. परत फिरा असे सांगण्याचा अधिकार वाटाड्याकडे असावा लागतो तो यासाठी. 1820 साली माँ ब्लाँवर नेमके हेच घडले नाही.

भारत सरकारने 1981 सालापासून कैलासाची यात्रा सुरू केली तेव्हा या गोष्टीची दखल घेतलेली दिसते. निवड झालेल्यांची दिल्लीस वैद्यकीय तपासणी होते, वाटेत गुंजी येथे उंचीवर पुन्हा होते, प्रत्येक तुकडीबरोबर सरकारचा एक संपर्क अधिकारी नेमलेला असतो, आणि तपासणीत जो उतरत नाही त्याला तेथूनच परत पाठवितात. अर्थात् पर्वतापुढे सर्व तजवीज पुरी पडते असे नाही. 1998 सालच्या ऑगस्टात काली नदीच्या काठी मालपा येथे मुक्कामावर दरड कोसळली आणि एका तुकडीतील यात्रेकरू, त्यांच्या सोबतीस असलेली माणसे व गावकरी गाडले गेले. यात्रेकरूंची नावे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आली.

एखादी सहल ठरविताना आपण हॉटेल कोणते, जेवण मराठी पद्धतीचे मिळेल का, किती स्थळे दाखविणार, हे विचारतो, आणि ते विचारणे रास्तच आहे; पुरणपोळी आणि वरणभात परदेशात मिळाला म्हणजे वृद्ध आईवडिलांचा प्रवास सुखाचा होतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. पण डोंगरात जो आपल्यापुढे चालणार तो कोठला, त्या खोऱ्यातला आहे की राजधानीतून आलेला, त्याच्या जिम्म्यात किती माणसे, परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, हमालाच्या पाठीवर ओझे किती आणि त्याच्या अंगावर गरम कपडे आहेत की नाहीत, हे प्रश्न फार थोडे लोक विचारतात. वास्तविक त्यांच्या उत्तरांवरच आपले परत येणे अवलंबून असते.

आणि पुन्हा ब्रह्मगिरीकडे येतो. गोदावरी जेथे जन्म पावते त्या डोंगराच्या मेटांवर, मेटघर किल्ल्याच्या वस्त्यांत, उन्हाळ्याच्या दिवसांत बायकांना हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळापर्यंत उतरावे लागते. खाली कुशावर्तात सिंहस्थाच्या पर्वणीला लक्षावधी माणसे स्नान करून जातात. वरच्या माणसांना त्या नदीचे पाणी उन्हाळ्यात पुरत नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी किल्ला राखला, ज्यांच्या पायांना प्रत्येक पायरीची नस ठाऊक आहे, त्यांची मुले आज गंगाद्वाराच्या वाटेवर करवंदे, काकडी आणि लिंबाचे सरबत विकतात. डोंगर दाखविण्याचा धंदा म्हणून त्यांच्या हाती फारसे काही आलेले नाही. शामोनीच्या शेतकऱ्यांची आणि गुराख्यांची स्थिती 1786 साली याहून फार निराळी नव्हती. अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरी, भास्करगड या साऱ्या डोंगरांवर पावसाळ्यात शहरांतून हजारो तरुण येतात. हरिहराच्या उभ्या कातळपायऱ्यांवर तर शनिवार-रविवारी वरचे खाली आणि खालचे वर जाऊ शकत नाहीत अशी कोंडी होते. त्या खोऱ्यांतील तरुणांचा एखादा संघ निघून, पाळीने सोबत, ठरीव दर, दोराचे व प्रथमोपचाराचे शिक्षण आणि संकटकाळची पेटी अशी त्याची घडी बसली, तर ती सोय यात्रेकरूंची आणि डोंगरवासीयांची, दोघांचीही होईल. आणि त्र्यंबकासारख्या जुन्या क्षेत्रास ते करणे अवघड नाही, कारण पाहुण्याला आपल्या जिम्म्यात घेण्याची विद्या तेथे आधीच आहे.

तोवर वाचकांस माझी एवढी विनंती आहे. श्रावणात फेरीला जाल तेव्हा उपाध्यांकडे वही उघडून आपल्या पूर्वजांची सही अवश्य पाहावी, खाली आपली करावी, मुलांना ती दाखवावी. ब्रह्मगिरीवर चढाल तेव्हा मेटावरचा एक माणूस योग्य मोबदला ठरवून सोबत घ्यावा आणि धुके उतरले तर त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नये. आणि तो नेपाळातील असो, तिबेटातील असो की मेटघरचा असो, त्याचे नाव आणि गाव विचारून घ्यावे, व घरी परतल्यावर तारखेसह ते आपल्या वहीत लिहून ठेवावे.